कांद्याच्या पापुद्र्याआड

आयोडीनची बाटली त्या दिवशी रिकामी निघाली, म्हणून मला ते दिसलं.

जुलै महिना होता. अकरावीच्या मुलांचं पहिलंच प्रात्यक्षिक, दुपारची वेळ, बाहेर नाशिकचा तो न थांबणारा भुरभुर पाऊस. पहिला प्रयोग ठरलेला असतो: कांद्याच्या पापुद्र्याची तात्पुरती काचपट्टी. बावीस वर्षं मी हा प्रयोग घेते आहे. कांदा चिरायचा, आतल्या पाकळीचा बोटभर तुकडा घ्यायचा, तो कट्कन मोडायचा आणि मोडलेल्या कडेला जो नितळ पापुद्रा लोंबतो तो चिमट्यानं अलगद ओढून पाण्यात सोडायचा. पाण्यात गेला की तो दिसेनासाच होतो. मुलं बशीत बोटं घालून शोधत बसतात. मग काचपट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबात पापुद्रा, त्याला घडी पडू द्यायची नाही, वरून आयोडीन, आणि आच्छादन काच एका कडेला टेकवून सुईच्या टोकावर हळूहळू खाली आणायची. घाई केली की हवेचा बुडबुडा अडकतो. दर वर्षी दोन-चार मुलं त्या काळ्या कडेच्या गोल बुडबुड्याचीच आकृती काढतात आणि खाली सुवाच्य अक्षरात ‘पेशी’ असं लिहितात. मी त्यांना रागावत नाही. पहिल्यांदा भिंगातून बघणाऱ्याला काय बघायचं ते कसं कळावं?

आयोडीननं पेशी पिवळट होते, केंद्रक तपकिरी ठिपक्यासारखं उठून दिसतं आणि आकृती काढायला सोपं जातं. ते नव्हतं, म्हणून मी नुसताच बिनरंगाचा पापुद्रा भिंगाखाली ठेवला, खालची झडप बरीच मिटून उजेड कमी केला आणि मुलींना बोलवायच्या आधी स्वतः डोळा लावला. आधी फिकट विटांची भिंत दिसली, ती नेहमीचीच. मोठं भिंग लावलं. मग एका विटेच्या कडेकडेनं बारीक कण सरकताना दिसले. मला वाटलं टेबल हललं. कोपर उचलून पुन्हा पाहिलं. कण चालतच होते. एका पातळ दोरीवरून मुंग्या जाव्यात तसे एका रांगेत, काही या दिशेनं, काही उलट दिशेनं. मधेच एखादा अडखळून थांबायचा आणि पुन्हा निघायचा. शेजारच्या विटेत तेच. तिच्या शेजारच्या विटेत तेच.

पेशीद्रव्य वाहतं हे मी पदवीच्या पहिल्या वर्षात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, फळ्यावर शिकवलं होतं. आयोडीननं पेशी मरते हेही मला माहीत होतं. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना जीवशास्त्राच्या पहिल्या तासाला मेलेल्या पेशी दाखवत होते. त्या दिवशी प्रात्यक्षिक संपलं तरी कोणी उठेना. एक मुलगी डोळा न हलवता म्हणाली, “मॅडम, पण हा कांदा तर तुम्ही बाजारातून आणलाय ना? मग हा अजून जिवंत आहे?”

हो, जिवंत आहे. आपण भाकरीबरोबर खातो तो कांदा जिवंत असतो. शेतातून उपटून, मान कापून, गोणीत भरून, ट्रॅक्टरनं लिलावाला नेऊन, पिशवीतून घरी आणून तो महिनोन्‌महिने जिवंत असतो. मी लासलगावच्या अलीकडच्या एका वाडीत वाढले. घराच्या पडवीत, कांदा साठवायच्या चाळीत, पलंगाखाली, सगळीकडे कांदाच होता. तरी हे वाक्य असं सरळ माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप भिंगाखाली ठेवला आणि त्यातल्या रिकाम्या खणांना ‘सेल’, म्हणजे पेशी, हे नाव दिलं. त्या सालीतल्या पेशी कधीच मेलेल्या होत्या. त्यानं पाहिल्या त्या नुसत्या भिंती, मागे राहिलेली घरं. जिवंत, हलतं सूक्ष्म जग पाहिलं ते काही वर्षांनी लेव्हेनहूकनं, साध्या पाण्याच्या थेंबात. अभ्यासक्रमात आपण अजून हूकच्याच वाटेनं जातो. आधी भिंत, मग आतलं सामान, त्याची नावं, त्याची कामं. विटेची उपमा इतकी रुळली आहे की पेशी म्हणजे काहीतरी बांधलेलं, स्थिर, असंच मुलांच्या डोक्यात बसतं.

म्हणून आता मी दुसरा प्रयोग लगेच जोडून घेते. त्यासाठी आपला लाल कांदा लागतो. त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा काढायचा. पेशीच्या पोटात एक मोठी रिक्तिका असते, पाण्यानं भरलेली पिशवीच म्हणा, आणि तो जांभळा रंग त्या पाण्यात विरघळलेला असतो. काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या कडेनं टीपकागदानं पाणी ओढून घ्यायचं. मीठ आत शिरतं आणि बघता बघता भिंतीच्या चौकटीतलं जांभळं पोटलं आकसू लागतं. आधी कोपरे सुटतात, मग कडा, शेवटी मधोमध एक गोळा उरतो. भिंत मात्र जागच्या जागी उभी. त्या मोकळ्या झालेल्या जागेत पहिल्यांदा कळतं की भिंतीच्या आत आणखी एक काहीतरी होतं, भिंतीला चिकटून बसलेलं, इतकं पातळ की कधी दिसलंच नव्हतं. तो खरा पापुद्रा. पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात.

मग नळाचं साधं पाणी सोडायचं. गोळा फुगतो, पसरतो, पुन्हा भिंतीला जाऊन टेकतो.

आणि मग तिसरी काचपट्टी. हा पापुद्रा आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढलेला. त्याचा रंग केव्हाच बाहेर ओघळून गेलेला असतो. त्यावर मीठ घाला, पाणी घाला, काही होत नाही. भिंती त्याच, चौकोन तेच, आकृती काढायला बसलात तर तशीच येईल. फरक एवढाच की आत काय ठेवायचं आणि बाहेर काय सोडायचं हे ठरवणारं कोणी आता उरलेलं नाही. जिवंत आणि मेलेलं यांतला फरक मला याहून स्पष्ट कुठेही दिसलेला नाही, आणि मी माणसं जातानाही पाहिली आहेत.

त्या पटलाबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. एका मिलिमीटरच्या जाडीत तशी सव्वा लाखाच्या आसपास पटलं एकावर एक मावतील. ते कोणी विणत नाही. स्निग्ध पदार्थाचे असे काही रेणू असतात की ज्यांचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि शेपटी पाण्यापासून पळते. वरणावर तूप जसं आपोआप वेगळं होतं, तसे हे रेणू पाण्यात आपोआप दोन थरांत उभे राहतात: डोकी बाहेर, शेपट्या आत, एकमेकींच्या आडोशाला. बस, झालं पटल. मधे मधे प्रथिनांची दारं. नुसतं पाणी ये-जा करण्यासाठीसुद्धा वेगळी दारं असतात. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ साली नोबेल मिळालं. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे कुठलीही पेशी आपलं पटल कोऱ्या जागेवर नव्यानं उभं करत नाही. असलेलं पटल वाढतं, मग दुभंगतं. कांद्याच्या पेशीभोवतीचा तो पापुद्रा तिच्या आईच्या पेशीकडून आलेला, तिचा तिच्या आईकडून, आणि असं मागे मागे जात किमान साडेतीन अब्ज वर्षांत तो धागा कुठेही तुटलेला नाही. माझ्या पेशींचंही तेच, वाचणाऱ्याच्याही.

एकदा हे डोळ्यांत बसलं की घरात जागोजागी दिसू लागतं. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की सुटणारं पाणी, मिठाच्या पाण्यात पिळून काढलेला कांदा मऊ पडतो ते, आणि निफाड-दिंडोरीकडे फेब्रुवारीत अवकाळी झाला की द्राक्षाच्या मण्यांना जाणारे तडे. मण्यात साखर भरलेली, बाहेर पावसाचं नितळ पाणी, मधे ताणलेली साल. पाणी आत शिरत राहतं आणि साल फाटते. एका रात्रीत बाग जाते. त्या शेतकऱ्याला परासरण हा शब्द माहीत नसेल, पण त्याच्याइतकं ते कोणाला समजलं असेल असं मला वाटत नाही.

अण्णा, माझे वडील, आता ऐंशीच्या पुढे आहेत. पाय चालत नाहीत म्हणून दोन वर्षांपासून गंगापूर रोडला आमच्याकडे राहतात. पन्नास वर्षं त्यांनी कांदा पिकवला. मी स्वतःसाठी एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन ठेवला आहे, तो एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडला, खिडकीकडे आरसा वळवला आणि त्यांना खुर्चीत बसवून डोळा लावायला सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सापडायला वेळ लागला. मग ते एकदम गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “हे चालतंय कशाचं?”

मी सांगितलं, कांद्याच्या आतलं आहे.

“रातचं पण?”

रात्रीही.

“चाळीत पडल्यावर पण?”

हो, चाळीतसुद्धा.

त्यांनी डोळा काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, “म्हणून घट येते.”

मी खुर्चीवर तशीच बसून राहिले. श्वसन हे प्रकरण मी दर वर्षी आठ तास शिकवते. ग्लुकोज, ऑक्सिजन, तंतुकणिका, ऊर्जेचं चलन असलेला एटीपीचा रेणू, सगळे टप्पे. त्या सगळ्याचं सार अण्णांनी भिंगात पाच मिनिटं बघून चाळीतल्या भाषेत सांगितलं. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत भरायचा आणि भाव पाहत दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाहेर काढायचा. भरताना जेवढं वजन, तेवढं काढताना कधीच येत नाही. काही सडतो, काहीला काजळी धरते, काहीला कोंब फुटतात; पण जो ठणठणीत राहतो त्याचंही वजन उतरलेलं असतं. त्यातलं बरंचसं पाणी उडून गेलेलं असतं. बाकीचं कांद्यानं स्वतःच खाल्लेलं असतं. साठवलेली साखर जाळून त्यानं ते कण हलते ठेवले, दारं उघडी-बंद ठेवली, मिठाचा, पाण्याचा, आम्लाचा हिशेब सांभाळला. जिवंत राहायचं तर नुसतं पडून राहणंही फुकट नसतं. पापुद्र्याच्या आत बाहेरच्यापेक्षा वेगळं राहायचं, आणि ते वेगळेपण टिकवायला दर क्षणाला काहीतरी खर्च करत राहायचं: मला जीवशास्त्रातलं जे काही समजलं आहे ते एवढंच आहे.

लहानपणी अण्णा संध्याकाळी चाळीच्या फटीतून कोपरापर्यंत हात घालून आतला कांदा चाचपायचे. जास्त कोमट लागला की दुसऱ्या दिवशी चाळ फोडून निवड करायची. जाळलेल्या साखरेतली बरीच ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, हे पुस्तकात आहे. चाळ जमिनीपासून उचललेली का असते, बाजूंना बांबूच्या फटी का, ढीग फार उंच का लावायचा नाही, तर हजारो जीव एका खोलीत श्वास घेत असतात आणि त्यांना वारं लागतं. अण्णा म्हणायचे, “कांद्याला वारं पाहिजे, माणसासारखं.” ‘माणसासारखं’ हे शब्दशः खरं आहे. साखर जाळणारी ती तंतुकणिका कांद्यात जशी तशीच आपल्यात. तिच्याभोवती एक सोडून दोन पापुद्रे असतात, कारण ती कधीकाळी स्वतंत्र जगणारा जिवाणू होती. दुसऱ्या पेशीच्या आत आली आणि तिथेच राहिली. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे मांडलं तेव्हा फारसं कोणी मानायला तयार नव्हतं. आज ते शाळेच्या पुस्तकात आहे. आणि ते कण ज्यांच्या ओढीनं वाहतात ती प्रथिनं, ॲक्टिन आणि मायोसिन, आपल्या स्नायूंतल्या प्रथिनांच्याच कुळातली. चाचपणारा अण्णांचा हात आणि त्या हाताखालचा कांदा, दोन्हीकडे एकच यंत्रणा ओढत होती.

आईचा कांदा मात्र वेगळा. ती चिरायची नाही. शेतात न्याहारीला बसलं की भाकरीवर ठेचा, आणि कांदा दगडावर ठेवून वरून बुक्की. बुक्कीनं फोडलेला कांदा जास्त झणझणीत लागतो, हे आमच्याकडे कोणी वादाचं मानत नाही. आता मला त्याचं कारण सांगता येतं. कांद्याच्या पेशीत गंधक असलेला एक पदार्थ पेशीद्रव्यात राहतो, आणि त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, रिक्तिकेत, पिशवीच्या आत, बंद. दोघांच्या मधे तोच पापुद्रा. तोवर कांद्याला ना वास ना तिखटपणा. सुरी लागली, दात लागला, बुक्की बसली की पापुद्रे फाटतात, दोघं एकत्र येतात आणि क्षणात तो वायू तयार होतो जो डोळ्यांत जाऊन पाणी काढतो. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वायूसाठी आणखी एक वेगळंच विकर लागतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. तोवर सगळे समजत होते की तो आपोआप बनतो. सुरीनं चिरलं तर फक्त कापाच्या रेषेवरच्या पेशी फुटतात. बुक्कीनं एकाच वेळी कितीतरी जास्त. फोडणीत टाकला की विकर उष्णतेनं मोडतं आणि कांदा गोड होतो. जमिनीत गंधक जास्त तिथला कांदा जास्त तिखट. आपल्या डोळ्यांतलं पाणी म्हणजे, एक प्रकारे, नाशिकच्या काळ्या मातीतलं गंधक.

कांदा हे सगळं आपल्या चवीसाठी करत नाही. कुरतडणाऱ्या किड्याला, उंदराला पहिल्याच चाव्यात हाकलून लावायचं असतं. कारण आत, मधोमध, पुढच्या वर्षीचा कोंब झोपलेला असतो आणि या सगळ्या पाकळ्या त्याची शिदोरी आहेत. कांदा उभा चिरला की दिसतो तो: खाली बुडाशी चपटी चकती, तेच त्याचं खोड, वर फुगलेल्या पाकळ्या, ती पानांची बुडं, आणि गाभ्यात फिकट हिरवा ठिपका.

त्या ठिपक्यातल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सोळा गुणसूत्रं असतात. आपल्यात छेचाळीस. एवढं ऐकून मुलं खूश होतात, आपण जास्त. मग मी सांगते की लांबी मोजली तर कांद्याचा जनुकीय मजकूर माणसाच्या सुमारे पाचपट आहे. एका पेशीतले डीएनएचे सगळे धागे एकाला एक जोडले तर दहा मीटरच्या पुढे जातात. आजीच्या नऊवारी लुगड्याहून लांब, आणि ते मावतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, फार तर त्याच्या दुपटीएवढ्या गोळीत. वर्गात एकदम शांतता पसरते. एखादा मुलगा विचारतोच, मग कांदा आपल्यापेक्षा हुशार का नाही? त्या लांबीतला मोठा भाग तेच ते पुन्हा पुन्हा लिहिलेलं आहे. जास्त मजकूर म्हणजे जास्त अर्थ असं नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण एवढं ओझं कांदा का वाहतो, दर वेळी पेशी दुभंगताना त्याची अक्षर अन् अक्षर नक्कल का करतो, याचं मला अजून नवल वाटतं.

ती नक्कल पाहायची असेल तर कांदा पाण्याच्या पेल्यावर काड्यांच्या आधारानं ठेवायचा, बूड जेमतेम भिजेल इतका. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं खाली उतरतात. टोकाचा दोन मिलिमीटरचा तुकडा सकाळी घ्यायचा, रंगवायचा, आच्छादन काचेखाली अंगठ्यानं दाबायचा. गुणसूत्रं कुठे गोळा झालेली, कुठे मध्यावर ओळीत उभी, कुठे दोन्हीकडे ओढली गेलेली, सगळं एकाच दृश्यात. पेशी पेशीपासूनच येते, हे फिरशोनं १८५५ साली ठासून सांगितलेलं वाक्य त्या चिरडलेल्या टोकात वाचता येतं.

आणि नेमकं हेच थांबवायचं एक केंद्र आमच्या लासलगावात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं, ‘कृषक’ नावाचं. २००७ साली अमेरिकेला आंबे गेले ते तिथून विकिरण होऊन, त्यामुळे त्याचं नाव आंब्याबरोबर जास्त घेतलं जातं. पण ते मुळात आलं कांद्यासाठी. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण थोड्या मात्रेत कांद्यावर सोडतात. पाकळ्यांना काही होत नाही, कारण पाकळ्यांच्या पेशींना आता दुभंगायचंच नसतं. कोंबातल्या पेशींचे ते लांबलचक धागे मात्र जागोजागी तुटतात आणि त्यांना पुढची नक्कल करता येत नाही. असा कांदा श्वास घेतो, कण वाहतात, मीठ घातलं की पोटलं आकसतं आणि पाणी घातलं की फुगतं. फक्त त्याला कोंब येत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हे चांगलंच आहे. सप्टेंबरात कोंब फुटलेला ढीग चाळीतून उपसताना अण्णांचा चेहरा मी पाहिला आहे. तरीही मुलांना हे सांगताना मी थोडी थांबते. जगणं आणि पुढे चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका किरणानं त्या एकमेकींपासून सोडवता येतात.

आमच्या पुस्तकांत जीवशास्त्र शिडीसारखं मांडलेलं असतं. रेणू, पेशी, ऊती, अवयव, जीव, मग समुदाय, मग परिसंस्था. एकेक पायरी वर. इतकी वर्षं शिकवून मला वाटतं की या शिडीत एक जागा अशी आहे जिथे सगळंच बदलतं. पेशीपासून जीवापर्यंत प्रत्येक पायरीला आपला पापुद्रा आहे. त्याच्या पुढे नाही. शेताला बांध असतो, सातबाऱ्यावर हद्द असते, पण तो पापुद्रा नव्हे.

हे मला डोंगळ्यानं, म्हणजे बियाण्याच्या कांद्यानं, शिकवलं. अण्णा एका तुकड्यात बियाण्यासाठी कांदा लावायचे. फेब्रुवारीत त्याला कमरेएवढे दांडे आणि वर पांढरे गोंडे, एकेका गोंड्यात शेकडो फुलं. कांद्याच्या फुलाचा पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचं दुसऱ्यावर कोणीतरी न्यावंच लागतं. ते काम आग्या, सातेरी, फुलोरी माश्यांचं. एका वर्षी शेजारच्या मळ्यात ऐन फुलोऱ्यात, भर दुपारी फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या डोंगळ्यात गुणगुण नव्हती. मी तेव्हा नववीत होते. ती शांतता मला अजून ऐकू येते. अण्णा, आई आणि आम्ही दोघी बहिणी आठवडाभर रोज सकाळी सरीतून चालत एकेका गोंड्यावरून तळहात फिरवत गेलो. हात पिवळे, चिकट, कांद्याच्या वासाचे. माश्या जे करतात ते चार माणसांनी केलं, आणि बी निम्म्याहून कमी आलं.

शेजाऱ्याची चूक होती असं म्हणता येईल. पण त्याच्या दृष्टीनं तो त्याच्याच बांधाच्या आत होता. आम्हीही आमच्या बांधाच्या आत युरिया टाकत होतो. कांद्याची मुळं उथळ. वरून पाणी भरलं की न घेतलेलं नत्र खाली उतरतं, ओढ्याला लागतं, ओढा कादवेला, कादवा नांदूर मधमेश्वरला गोदावरीला मिळते. तिथल्या बंधाऱ्यामागच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात, रोहित येतात. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. मी वर्गाला तिथे नेते. मनोऱ्यावरून मुलं पक्षी बघतात आणि मी नदीवरच्या पाणवेलीकडे बोट दाखवते. शहराचं सांडपाणी आणि शेतांतलं खत, दोन्ही खाऊन ती फोफावते, उजेड अडवते. मेली की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. पेशीला नको ते बाहेर ठेवता येतं. नदीला येत नाही. तिथे दारावर कोणी बसलेलं नसतं. असलोच तर आपण.

गेल्या दिवाळीत स्वयंपाकघरातल्या टोपलीत एका कांद्याला कोंब फुटला. मी तो भाजीत टाकणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, “राहू दे गं पोरी, लाव त्याला.” बाल्कनीतल्या कुंडीत लावला. तिसऱ्या मजल्यावर काय होणार, असं मला वाटत होतं. फेब्रुवारीत त्याला तीन दांडे आले, तीन गोंडे उमलले. अण्णा सकाळी खुर्ची सरकवून कुंडीपाशी बसायचे आणि तळहात फिरवायचे, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. गोंड्यावर एक बारकी फुलोरी बसली होती. आम्ही दोघं हललो नाही. ती एकेक फूल तपासत वर गेली, उडाली, दुसऱ्या गोंड्यावर बसली. अण्णांनी हात मागे घेतला आणि त्यानंतर पुन्हा कधी लावला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला बोंडं तडकून आतला काळा दाणा दिसू लागला तसे त्यांनी गोंडे कापायला सांगितले, चार दिवस सावलीत वाळवले, तळहातावर चोळले आणि फुंकर मारून फोलपट उडवलं. मूठभरही नव्हतं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधली. “औंदाच टाकायचं. कांद्याचं बी पुढच्या साली धरत नाही,” असं म्हणाले आणि पुडीवर माझ्याकडून तारीख लिहून घेतली.